ओझं उचला, भार ज्याचा त्याला द्या: माघार कधी घ्यावी आणि कशी

पतसंस्थेचा जामीनदाराचा फॉर्म कधी जवळून पाहिलाय? सही करायच्या प्रत्येक जागी क्लार्कने पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवलेली असते. माझ्या पुढ्यात आला त्या फॉर्मवर सात फुल्या होत्या. रविवारची उपासना आटोपून आम्ही वडगाव शेरीला घरी आलो होतो, मटणाला फोडणी द्यायची बाकी होती, आणि धाकटा भाऊ ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, "ताई, नुसती सही. हप्ते मीच भरणार." मी पदराला हात पुसले आणि सातही फुल्यांवर सह्या केल्या. चौदा महिन्यांनी नोटीस आली, ती माझ्या नावाने.

पैसे गेले, त्याचं वाईट वाटतंच. पण त्याहून खोल रुतलेली गोष्ट वेगळी आहे. त्या सहीला मी प्रीती समजत होते. त्याआधी अकरा वर्षं मी त्याच्या कामावर फोन करून "ताप आहे हो साहेब त्याला" सांगत होते, वहिनीला घरखर्चाला पैसे देत होते आणि दर बुधवारी उपवास-प्रार्थनेत त्याचं नाव घेत होते. माझ्यामुळे तो प्यायला लागला असं मी म्हणणार नाही. माझ्यामुळे त्याला पिणं परवडत होतं, एवढं मात्र खरं.

पुढे लिहिलंय ते अशा बायकांसाठी आणि पुरुषांसाठी, ज्यांना घरात, नात्यात किंवा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांचं सगळं निस्तरायची सवय लागली आहे. मी समुपदेशक नाही. शाळेत गणित शिकवलं, मंडळीच्या पंच कमिटीत बारा वर्षं काढली.

आधी मनातला अडसर

आपल्याकडे माघार म्हटलं की पहिला प्रश्न येतो: हे पाप तर नाही ना? दुसरा गाल पुढे करा, सातांच्या सत्तर वेळा क्षमा करा, आपला वधस्तंभ उचला, ही वचनं लहानपणापासून पाठ. त्यात कुणी नातेवाईक "तू कसली ख्रिस्ती?" म्हणून मोकळा होतो.

मग शुभवर्तमानं पुन्हा एकदा, फक्त या एका प्रश्नासाठी वाचा. लूकच्या ५व्या अध्यायात लोकांचे लोंढे बरं व्हायला येतायत आणि येशू रानात जाऊन प्रार्थना करतो. रोगी संपले म्हणून गेला असं तिथे लिहिलेलं नाही. मार्कच्या १०व्या अध्यायात तो श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असं वचन स्पष्ट सांगतं. तरी तो त्याच्या मागे धावला नाही, अटही सैल केली नाही. लूक १२ मध्ये एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू उलट विचारतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? भावाभावांच्या वाटणीत पडायला साक्षात प्रभूने नकार दिलाय. आपण मात्र पडतो.

पहिली पायरी: जेवा आणि झोपा

ही पायरी छोटी आहे, म्हणूनच सगळे वगळतात. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा उठून खातो. देवाशी बोलणं त्यानंतर.

रात्री दहानंतर माघार घ्यायचीही नाही आणि मदतीचं वचनही द्यायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. रात्री फोन आला तर ऐकून घ्यायचं, "सकाळी बोलते" म्हणायचं. सकाळी त्यातले निम्मे प्रश्न उरलेलेच नसतात.

दुसरी पायरी: वहीत दोन रकाने

या पायरीला वेळ द्या. एक रविवार दुपार तरी.

गलतीकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात पौल दुसऱ्या वचनात सांगतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच वचनांनंतर म्हणतो की प्रत्येकाने स्वतःचा भार वाहिला पाहिजे. मी कितीतरी वर्षं हे घोटाळ्याचं वचन समजत होते. मूळ ग्रीकमध्ये दोन निराळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे दडपून टाकणारं वजन. दुसरा 'फोर्टिऑन', ज्याने त्याने वाहायचा भार. प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये जहाजातल्या मालाला हाच शब्द आहे. गंमत म्हणजे मत्तय ११च्या शेवटी येशू "माझे ओझे हलके आहे" म्हणतो तिथेही 'फोर्टिऑन'च. म्हणजे त्याच्याकडे गेलेल्याच्या पाठीवरही भार राहतोच, फक्त पेलण्याजोगा.

तेव्हा वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'ओझं', उजवीकडे 'भार'. समोरच्याचा प्रश्न तुकडे करून लिहा. "भावाचं दारूचं" असं एका ओळीत लिहू नका, त्यात काही दिसत नाही. माझ्या वहीत हे असं उतरलं: भाचीची शाळेची फी, ओझं. वहिनीचं ऑपरेशन, ओझं. त्याने कामावर दांडी मारली तर साहेबांना उत्तर देणं, भार, त्याचा. त्याने मित्राकडून घेतलेले बारा हजार, भार, त्याचा. पुन्हा प्यायचं की नाही ठरवणं, भार, त्याचा. त्याला रात्री रस्त्यावरून उचलून आणणं... इथे मी बराच वेळ थांबले. थंडीत गटाराकडेला पडलेला माणूस उचलायचा नाही, असं मला लिहिता येईना. मग डावीकडे लिहिलं, आणि पुढे कंसात: पण दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना "चक्कर आली होती" सांगणं उजवीकडे.

कुठल्या रकान्यात जातं ते कळेना तर एक प्रश्न विचारा. हे काम त्याच्याकडून होत नाही, की तो करत नाही? पहिलं ओझं, दुसरं भार. तुमचा स्वतःचा भारही त्याच पानावर खाली लिहा. मी लिहिला तेव्हा कळलं की माझ्या मधुमेहाच्या तपासण्या दीड वर्ष राहिल्या होत्या.

तिसरी पायरी: त्यालाच विचारा

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडलेल्या माणसाला येशू विचारतो, तुला बरं व्हायची इच्छा आहे का? आंधळ्या बार्तीमयाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? दोन्ही ठिकाणी उत्तर उघड दिसत होतं. तरी विचारलं.

आपण विचारत नाही. परस्पर डॉक्टरची वेळ घेतो, परस्पर नोकरीचं बघतो, आणि तो गेला नाही की रागावतो. विचारा: "तुला यातून काय हवंय? त्यासाठी तू या आठवड्यात काय करणार?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा. उत्तरात काहीच नसेल, किंवा सगळी वाक्यं "ताई, तू जरा..." अशी सुरू होत असतील, तर वहीत तारीख टाकून ठेवा. महिनाभरात तीनदा तेच झालं तर पुढची पायरी.

चौथी पायरी: वेळ झाली हे कशावरून ओळखाल

त्याच्यासाठी खोटं बोलायला लागलात, ही माझ्या मते सगळ्यात पक्की खूण. आज्ञा मोडून केलेली सेवा प्रभूच्या नावावर जमा होत नाही. त्याच्या प्रश्नावर तो जेवढा राबतो त्याहून तुम्ही जास्त राबताय, ही दुसरी. तुमची मुलं किंवा नवरा त्याची किंमत मोजतायत, ही तिसरी. आमच्या ह्यांनी कधी तोंडाने म्हटलं नाही, पण रविवारी दाराची बेल वाजली की ते गुपचूप पेपर घेऊन गॅलरीत जायला लागले होते.

एक खूण बारीक आहे आणि कबूल करायला लाज वाटते. प्रार्थनेत देवाला कार्यक्रम आखून द्यायला लागलात का? "प्रभू, त्याला सोमवारी असं कर, त्या मित्राला दूर कर..." माझी प्रार्थना वर्षभर अशीच, कामवाटपाच्या तक्त्यासारखी चालली होती. आणि एलीयाचं ते वाक्य, मीच एकटा उरलो आहे, हे जर तुमच्या तोंडात वारंवार येत असेल तर देवाने दिलेलं उत्तरही वाचा: सात हजार जण शिल्लक होते. त्याला ठाऊक नव्हते एवढंच.

मंडळीतही हेच. नाताळचा कार्यक्रम माझ्याशिवाय होणार नाही असं मला पंधरा वर्षं वाटत होतं. सोडला. झाला. केक जरा कोरडा होता.

इथे माघार घ्यायची नाही

मारहाण होत असेल, लहान मुलाला धोका असेल, कुणी जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मानसिक त्रासासाठी टेली मानसचा १४४१६. बायकोला मार बसतोय आणि मंडळीतली वडीलधारी माणसं "सोस बाई, प्रार्थना कर" सांगतायत, हे मी ऐकलंय आणि एकदा, देव क्षमा करो, गप्प बसून त्यात सामीलही झालेय. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ सालचा आहे. त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, छळ आणि पैशाची कोंडीही येते. अशा घरातून जिला मागे सरायचंय ती ती बाई, आणि तिला जागा द्यायला आपण पुढे व्हायचं.

दुसरं, चूक तुमची असेल तर मागे सरणं म्हणजे पळ काढणं. मत्तय ५ मध्ये वेदीजवळ अर्पण तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला जायला सांगितलंय.

पाचवी पायरी: सोपवायचं कुणाकडे

निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलाय आणि लोक रांगेत उभे आहेत. सासरा इथ्रो पाहुणा आलेला. बघून म्हणतो, हे काही बरं नाही, तू थकशील आणि हे लोकही थकतील. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला लावतो. "लोकही थकतील" हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. आपल्या एकट्याच्या दारात रांग लावून आपण लोकांवर उपकार करत नसतो.

व्यसनासाठी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभा शहरात भरतात, आणि घरच्या माणसांसाठी अल-अनॉन आहे. भाऊ यायला तयार नव्हता, म्हणून मी एकटीच एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "त्यांच्यासाठी आलात की स्वतःसाठी?" मला दहा मिनिटं उत्तर देता आलं नाही. त्याचेही पैसे घेतले त्यांनी, आणि ते योग्यच होतं.

घर-जमिनीचा वाद असेल तर वकिलाकडे जा, आत्यामामांना बोलावू नका. आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं की ख्रिस्ती कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू होत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. वडील मृत्युपत्र न करता गेले तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांत सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. एवढं माहीत असतं तर आमच्या ओळखीतल्या दोन घरांतली बोलाचाल बंद झाली नसती.

मंडळीतल्या भांडणाला मत्तय १८ची वाट आहे. आधी एकांतात त्याच्याशी, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपण बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो, तीही चहाच्या वेळी.

जामिनाचं वेगळं सांगते, कारण तिथे माघारीची वेळ सहीच्या आधीच असते. करार कायदा, १८७२च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "आधी त्याच्याकडून वसूल करा" हा मुद्दा सहसा चालत नाही. सहकारी पतसंस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१चा वसुली दाखला मिळाला की गाडी पगारापर्यंत येते. एकदा उचललेल्या कर्जाचा जामीन आपल्या मर्जीने परत घेता येत नाही. नीतिसूत्रे ६ मध्ये जामीन राहिलेल्याला सांगितलंय की डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, हरिणीसारखी स्वतःची सुटका करून घे. हे वचन माझ्या वाचनात आधी आलं नव्हतं असं नाही. रेघसुद्धा मारलेली होती त्याखाली.

सहावी पायरी: तोंडाने सांगा

न सांगता फोन उचलायचं बंद करणं ही माघार नव्हे, तो रुसवा. व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक निरोप तर मुळीच नको, तो संध्याकाळपर्यंत नगरच्या मावशीपर्यंत पोचतो. तो शुद्धीत असताना, दोघंच असताना, दिवसाउजेडी सांगा. वाक्यं आधी लिहून काढा. माझी अशी होती:

"बाळू, मी तुझी बहीण आहे आणि राहणार. यापुढे मी तुला रोख पैसे देणार नाही, सही करणार नाही, साहेबांना फोन करणार नाही. पोरीची फी मी शाळेत जाऊन भरेन. गुरुवारी आणि रविवारी जेवायला ये, न पिता ये. उपचाराला जायचं ठरवलंस तर त्या दिवशी मी रिक्षा घेऊन तुझ्या दारात असेन."

यात तीन नकार आहेत आणि तीन होकार. होकार आधी नीट तपासून घ्या, कारण तेच पाळायचेत. कारणं देऊ नका. कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो, आणि वादात तो तुमच्यापेक्षा सराईत असतो. तो म्हणाला, "म्हणजे तूपण सोडलंस." मी म्हटलं, "नाही. गुरुवारी ये." आवाज कापत होता माझा. चालतं.

भांडणातून बाहेर पडताना, यरुशलेमचा तट बांधणाऱ्या नहेम्याचं उत्तर कामी येतं. शत्रू चारदा बोलावणं धाडतात आणि तो चारदा तेच कळवतो: मी मोठ्या कामात आहे, खाली येऊ शकत नाही. आपल्या पुण्यातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आलं. धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला, १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं, पालक मुलींना घेऊन गेले. बाईंनी काम सोडलं नाही. दौंडच्या वाटेवर केडगावला पुढे मुक्ती मिशन उभं राहिलं. शहर सुटलं तरी काम सुटलं नाही.

सातवी पायरी: नंतरचे तीन महिने

आधी बिघडेल. हे गृहीत धरा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात पाकीट उघडाल. मला पहिल्या महिन्यात सहा नातेवाइकांचे फोन आले. सहाही जणांना मी एकच म्हटलं, "तुम्हाला द्यावंसं वाटलं तर तुम्ही द्या." पाच जणांनी विषय बदलला.

अपराधी वाटेल तेव्हा लूक १५ वाचा, पण बापाकडे बघत वाचा. धाकटा दूर देशी डुकरांच्या शेंगांवर पोट भरायला बघतोय आणि बाप तिकडे डबा पाठवत नाही. तो शुद्धीवर येतो तो तिथेच. पण तो अजून दूर असतानाच बापाला दिसतो. बापाची नजर त्या वाटेवरच असणार.

ही नजर ठेवायची कशी, ते अब्रामाकडून शिकावं. उत्पत्ति १३ मध्ये गुराख्यांची भांडणं होतात तेव्हा अब्राम पुतण्या लोटाला म्हणतो, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. वेगळे होतात. पुढच्याच अध्यायात लोटाला शत्रू धरून नेतात, आणि हाच अब्राम घरचे ३१८ लढवय्ये घेऊन रातोरात त्याला सोडवायला जातो. सोडवून आणतो, पण आपल्या तंबूत परत राहायला आणत नाही. लोट पुन्हा सदोमातच राहतो. हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मी पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात मागच्या बाकावर बसले होते, आणि उपदेश कशावर होता ते आज आठवत नाही.

वहीत तीन महिन्यांनंतरची एक तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी तेच पान उघडा आणि रकाने पुन्हा तपासा. काही गोष्टी उजवीकडून डावीकडे येतात. भावाला कावीळ झाली तेव्हा दवाखान्याचं बिल मी डावीकडे घेतलं आणि भरलं. बारा हजार मात्र उजवीकडेच राहिले. अजून आहेत.

उपचाराला तो गेलेला नाही. गुरुवारी येतो, दोन गुरुवारांतून एकदा तरी. आला की चपला बाहेर काढून दारातच उभा राहतो, आणि मी जवळ जाऊन वास घेते, हे त्यालाही माहीत आहे. वास नसला तर ताट वाढते. असला तर भाकरी आणि कालवण डब्यात घालून देते आणि डबा रविवारी परत आण म्हणते. सध्या माझे दोन डबे त्याच्याकडे आहेत.